खतात टुणटुण उडतंय ते कोण?

 

आज आपण बोलणार आहोत तो जीव मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतो. पण आपल्यापैकी ज्या ज्या गटांकडं गांडूळ खताचा बेड आहे, त्या प्रत्येकीनं तो पाहिलेला आहे. बेडवरचं ओलं गोणपाट उचललं की खालून पांढरे, करडे ठिपके टुणटुण उडतात, बघता बघता खतात गडप होतात. कुणी त्याला पिसू म्हणतं, कुणी खताच्या उवा म्हणतं, कुणी नुसतंच ‘किडे झालेत’ म्हणतं. शास्त्रात त्याला स्प्रिंगटेल म्हणतात, म्हणजे शेपटीत स्प्रिंग असलेला. मराठीत बोलण्यातलं ठरलेलं नाव आम्हाला कुठं सापडलं नाही, म्हणून आमच्या बायकांनी स्वतःच ठेवलं, टुणक्या. आज तेच वापरू.

आता एवढ्याशा किड्याचं रेडिओवर काय काम, असं वाटेल. तर ऐका. मागच्या पावसाळ्यात आमच्या गटानं १४ गोण्या खत एका रोपवाटिकेला दिलं. ४० किलोची एक गोणी. तिसऱ्या दिवशी टेम्पो परत आला. ‘खतात कीड आहे, माझी रोपं खलास होतील,’ असा निरोप. त्याच महिन्यात कर्जाचा हप्ता भरायचा होता. औषधाच्या दुकानात विचारलं, तर समोरच्यानं डबीकडं न बघताच एक पावडर पुढं केली. बेडवर मारा, दोन दिवसांत साफ होईल म्हणाला. साफ झालंच असतं. टुणक्यांबरोबर गांडुळंही साफ झाली असती आणि त्याच खतात आपण हातमोजे न घालता हात घालतो.

गटाच्या बैठकीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, पावडर टाका आणि मोकळ्या व्हा. सखूमावशींचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, ‘चोर कोण हे कळल्याशिवाय काठी उचलायची नाही.’ ते सगळ्यांना पटलं. खताची बरणी घेऊन आम्ही तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमकडं गेलो. त्यांनी दोन दुपारी आमच्यासाठी दिल्या. आज सांगतोय ते तिथं शिकलेलं आणि नंतर वर्षभर बेडवर बसून स्वतः पाहिलेलं.

आधी सामान सांगतो. सोनाराकडं असतं तसलं दहा पट मोठं दाखवणारं भिंग. गटात एक पुरतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढं तेच भिंग धरलं तर फोटोही निघतो. दुसरं म्हणजे पोरांची जुनी पाटी. स्टीलच्या ताटात बघायला जाऊ नका, ते चमकतं आणि काही दिसत नाही. पांढरे जीव पाटीवर उठून दिसतात, काळे-करडे जीव पांढऱ्या बशीत. आणि एक बारीक ब्रश, पाण्यात बुडवून निथळलेला. बोटानं उचलायला गेलात की तो चिरडलाच.

पहिलं काम पाय मोजायचं. टुणक्याला सहा पाय. खतात पांढरे, तांबूस कोळी-किडेही असतात, त्यांना आठ पाय आणि मिशा अजिबात नसतात. त्यांच्या पिल्लांना सहाच पाय असतात, तेव्हा पायावर भागलं नाही तर मिशा बघायच्या. टुणक्याला डोक्यावर दोन मिशा असतातच, आणि एकेका मिशीला बहुतेक चार पेरं. दुसरं म्हणजे पंख. टुणक्याला कुठल्याच वयात पंख येत नाहीत. त्याचं पिल्लू हुबेहूब आईसारखं, फक्त लहान. पांढरं, बिनपायाचं, काळ्या डोक्याचं अळीसारखं काही वळवळत असेल तर ती खतावर घोंगावणाऱ्या बारीक माशीची अळी आहे, टुणक्याचं पोर नव्हे.

मग पिसू? पिसू दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, कडक आणि तपकिरी असते, आणि मागच्या पायांनी उडी मारते. ती कुत्र्या-मांजराच्या अंगावर राहून रक्त पिते. टुणक्या मऊ असतो, कुणाला चावत नाही. कांद्याच्या पातीत असतात ते फुलकिडे निराळे. त्यांचं अंग सुईसारखं निमुळतं आणि मोठ्यांच्या पंखांना झालर असते. जुन्या कपड्यांत, पुस्तकांत सापडते ती कसर, तिला मागं तीन लांब शेपट्या. हे एवढं ध्यानात राहिलं तरी निम्मं काम झालं.

टुणक्याची खरी ओळख त्याला उलटा केल्यावर पटते. थेंबभर पाणी पाटीवर ठेवा आणि त्यात सोडा. तो बुडत नाही, त्याचं अंग पाणी धरतच नाही. वर तरंगताना कधी कधी कुशीवर पडतो, तेव्हा पोट दिसतं. पोटाचे खंड मोजले तर सहा भरतात. मॅडमनी सांगितलं की खऱ्या कीटकांच्या पोटाला मुळात अकरापर्यंत खंड असतात आणि त्यांचे जबडे बाहेर दिसतात. टुणक्याचे जबडे डोक्याच्या आत, पाकिटात घातल्यासारखे. म्हणून सहा पाय असूनही आता शास्त्रज्ञ त्याला कीटकांच्या शेजारच्या घरात बसवतात.

पोटाच्या पहिल्या खंडाखाली एक आखूड नळी असते. ती पाणी शोषायला लागते, पृष्ठभागाला चिकटायलाही लागते. चौथ्या खंडाला दुभंगलेली शेपटी असते, चिमट्यासारखी. एरवी ती पोटाखाली पुढं दुमडून ठेवलेली असते आणि तिसऱ्या खंडावरच्या एका बारीक आकड्यात अडकवलेली असते. उंदराचा सापळा लावून ठेवतो ना, तसं. धक्का लागला की आकडा सुटतो, शेपटी जमिनीवर आपटते आणि टुणक्या हवेत. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. उडी मारताना तो गिरक्या घेतो, म्हणून पूर्वी समजत की जिथं पडेल तिथं पडेल. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाण्याकाठच्या टुणक्यांच्या उड्या फार वेगवान कॅमेऱ्यानं टिपल्या होत्या. त्यात दिसलं की तो अंगाला बाक देतो, पोटाखालच्या नळीवरच्या पाण्याच्या थेंबाचं वजन वापरतो आणि बरेचदा पायांवरच उतरतो.

आता प्रकार. जगात टुणक्यांच्या नऊ हजारांच्या आसपास जाती नोंदवलेल्या आहेत. घाबरू नका, त्या चार मोठ्या घराण्यांत बसतात आणि त्यातली तीन घराणी आपल्याला भिंगानं ओळखता येतात.

पहिलं घराणं लांबोळक्यांचं. अंग सडपातळ, मिशा लांब, पाय लांब, शेपटी दणकट, उडी मोठी. अंगावर केस असतात किंवा फुलपाखराच्या पंखांवर असतात तसले बारीक खवले. खवल्यांमुळं काहींचं अंग चंदेरी चमकतं, आणि ब्रशनं जोरात घासलं की खवले निघून तो वेगळाच दिसायला लागतो. म्हणून सांगते, हळू हाताळा. यातही दोन घरं आहेत. पोटाचा चौथा खंड तिसऱ्यापेक्षा खूपच लांब असेल तर एक घर, दोन्ही साधारण सारखे असतील तर दुसरं. आपल्या बेडवर वरच्या थरात दिसतात ते बहुतेक या घराण्यातले. वाळवीच्या नाहीतर मुंग्यांच्या वारुळात पांढरा, खवल्यांचा, चपळ टुणक्या मुंग्यांच्या पायांमधून बिनधास्त फिरताना दिसला तर तोही यांच्याच नात्यातला.

दुसरं घराणं ठेंगण्यांचं. अंग जाडसर, पाय आखूड, मिशा आखूड, चाल संथ. एखादा पोट भरून जेवलेला पाहुणा चालतो तसा. डोक्यामागं छातीचे तीन वेढे नीट दिसतात. लांबोळक्यांत पहिला वेढा इतका बारीक असतो की वरून दोनच दिसतात. हे साध्या भिंगातून कष्टानं दिसतं, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसून बघावं लागतं. पावसाळ्यात डबक्याच्या पाण्यावर निळसर राख सांडल्यासारखा थर दिसतो, आणि काडी लावली की राख उड्या मारते, ते याच घराण्यातले.

या ठेंगण्यांमध्येच एक पांढरं, आंधळं कुटुंब आहे ज्याला शेपटीच नाही. म्हणजे नाव उडणाऱ्याचं आणि उडी नाही. काडी लावली तर तो आपलं अंग आखडतो, आणि कातडीवरच्या बारीक छिद्रांतून शत्रूला नकोसा होणारा रस सोडतो. तेव्हा उडत नाही म्हणून टुणक्या नाही, असं ठरवू नका. पाय मोजा, मिशा बघा.

तिसरं घराणं गोलूंचं. अंग ज्वारीच्या दाण्यासारखं गोल, खंड एकमेकांत मिसळलेले, डोकं खाली वळलेलं, मिशा कोपरात वाकलेल्या. हे गवतावर, शेवाळावर, पानांवर सापडतात. यातल्या पाण्यावर राहणाऱ्या काही जातींत नवरा अगदी इवलासा असतो. तो आपल्या मिशांनी बायकोच्या मिशा घट्ट धरतो आणि ती त्याला तसाच उचलून फिरवते. हे ऐकून आमच्या बैठकीत इतका हशा पिकला की पुढची दहा मिनिटं कामच झालं नाही.

चौथं घराणं गोलूंसारखंच, पण आंधळं आणि मिशा डोक्यापेक्षाही आखूड. इतकं बारीक की आमच्या भिंगात ते धुळीच्या कणासारखंच दिसतं. ते सोडून देऊ.

आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली ती पुढची गोष्ट. टुणक्याच्या अंगावरून त्याचा पत्ता कळतो. जो जमिनीच्या वर, पालापाचोळ्यात राहतो, त्याला डोळे असतात. डोक्याच्या प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त आठ साधे डोळे, काळ्या ठिपक्यात बसवलेले. त्याच्या अंगाला रंग, नक्षी, केस असतात, मिशा लांब आणि शेपटी मोठी. जो खोल मातीच्या फटींत राहतो, त्याला उजेडच नाही तर डोळे कशाला? तो पांढरा, आंधळा, आखूड मिशांचा. उडायला जागाच नाही, म्हणून शेपटी लहान नाहीतर गायब. मधल्या थरातला या दोघांच्या मधला. इटलीत २००१ मध्ये मातीची तब्येत जोखायची एक पद्धत मांडली गेली. त्यात टुणक्यांना ते खोल मातीला किती रुळलेत हे अंगावरच्या याच खुणांवरून पाहून १ ते २० गुण देतात. खोलात राहणारे गरीब बिचारे सहसा जागा सोडून पळू शकत नाहीत. माती सारखी उलथापालथ झाली, तुडवली गेली, विषारी झाली की ते आधी जातात. म्हणून त्यांना गुण जास्त.

पांढऱ्यांमध्ये फोल्सोमिया कॅंडिडा नावाची एक जात फार प्रसिद्ध आहे. पांढरी, आंधळी, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत वाढणारी, पोटाचे शेवटचे तीन खंड एकमेकांत जुळलेले. यात बहुतेक सगळ्या माद्याच, नराशिवायच अंडी घालतात. सगळा कारभार महिला मंडळाचा! मातीत एखादं रसायन किती घातक आहे हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा हीच जात पाळतात, त्याचे आंतरराष्ट्रीय नियम ठरलेले आहेत. ठरावीक मातीत या माद्या सोडायच्या आणि चार आठवड्यांनी पिल्लं मोजायची. म्हणजे आपण ज्याला कीड म्हणून मारायला निघालो होतो, त्याच्याच पोरांवरून तिकडं औषधाची परीक्षा होते.

एक स्पष्ट सांगतो. घराण्यापर्यंत आपण पोचू शकतो, नेमकी जात भिंगानं कळत नाही. त्यासाठी पायाच्या नखावरचे दात, शेपटीच्या टोकाचे आकडे, एकेका खंडावरचे केस कुठं कुठं उगवलेत हे मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजावं लागतं. रंगावरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लहानपणी रंग फिका असतो, स्पिरिटमध्ये ठेवला की उडतो, आणि टुणक्या मोठा झाल्यावरही आयुष्यभर कात टाकत राहतो. आमच्या मॅडमनीसुद्धा आमच्या बरणीतल्या तीन प्रकारांना घराण्याचीच नावं दिली, जातीची दिली नाहीत. ते आम्हाला फार आवडलं.

यांचं कूळ किती जुनं, तर स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळच्या दगडात टुणक्याचे अवशेष सापडलेत, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे. १९२६ मध्ये त्याचं वर्णन करून रायनिएला असं नाव देणाऱ्या दोघांमध्ये एक आपले भारतीय होते, लंडनच्या संग्रहालयात काम करणारे एस. मौलिक. त्या दगडातल्या टुणक्याची नि आपल्या बेडवरच्या टुणक्याची ठेवण ओळखू येण्याइतकी सारखी आहे.

आता हे खातात काय? मुख्यतः बुरशी, कुजणारा पाला, शेणातले बारीक जीव. बुरशी खाऊन, विष्ठा टाकून कुजण्याचं काम पुढं नेतात. गांडुळांना त्रास नाही, रोपांच्या मुळांना सहसा नाही. बेडवर ते अचानक फार वाढले तर ओल जास्त झालीय आणि ताजं शेण-खरकटं जास्त पडलंय एवढंच समजायचं. पाणी कमी करा, वरचा थर हलवा. बेडची खरी शत्रू लाल मुंगी, तिच्यासाठी भोवती पाण्याची चारी ठेवा.

पण सरसकट ‘मित्रकीटक’ म्हणून पाटी लावायलाही आम्ही तयार नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात हिरवट-पिवळा गोलू लसूणघासाची कोवळी पानं खरवडून खातो आणि तिथले शेतकरी त्याला वैतागलेत. आपल्या दाराशी येणारं उदाहरण धिंगरी अळंबीचं आहे. आपल्यातल्या बऱ्याच गटांनी अळंबीच्या पिशव्या टांगल्यात. टुणक्याचं आवडतं जेवण बुरशी आणि अळंबी ही बुरशीच. भारतात अळंबीला त्रास देणाऱ्यांत चंदेरी-करड्या, खवल्यांच्या लांबोळक्यांची नोंद आहे. ते पिशवीतले पांढरे धागे खातात, छत्रीच्या खालच्या पडद्यांत शिरतात. म्हणून खताचा बेड आणि अळंबीची खोली शेजारी शेजारी नको. काड नीट गरम पाण्यानं निर्जंतुक करा, पिशव्या जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवा नाहीतर टांगा, संपलेल्या पिशव्या लगेच बाहेर काढा. एकच जीव एका घरात कामाचा, दुसऱ्यात नुकसानीचा.

आमच्या १४ गोण्यांचं काय झालं ते राहिलं. आम्ही पाटी, भिंग आणि खताची बशी घेऊन त्या रोपवाटिकेत गेलो. मालकांनी आधी हात झटकले. त्यांच्या आईनं भिंग हातात घेतलं आणि अर्धा तास सोडलं नाही. मिशा मोजल्या, शेपटी पाहिली. मग आम्ही त्यांच्याच कुंड्यांमधली माती पाटीवर झटकली, त्यातही दोन टुणक्या निघाले. मालक म्हणाले, मला पटलं, पण माझ्या गिऱ्हाइकाला उडणारं काही दिसलं की ते पळतं. त्यात त्यांचंही चुकत नाही. शेवटी आम्ही खत सावलीत पसरून थोडं सुकवलं आणि चाळलं. ओल कमी झाली की टुणक्या आपण होऊन खाली नाहीतर बाहेर निघून जातात. ९ गोण्या त्यांनी घेतल्या, ५ गावातच डाळिंबाच्या बागेला गेल्या. हप्ता आठ दिवस उशिरा भरला. आता प्रत्येक गोणीबरोबर आम्ही चिठ्ठी देतो, त्यावर टुणक्याचं चित्र काढलेलं असतं, सहा पाय, दोन मिशा, खाली दुमडलेली शेपटी.

ज्यांना आपल्या बेडमधले, बांधावरचे टुणक्या गोळा करायचेत त्यांच्यासाठी सोपी युक्ती. पाण्याची प्लास्टिकची बाटली वरच्या बाजूनं कापा, तोंडाकडचा भाग उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवा. त्यात मच्छरदाणीचा तुकडा ठेवून वर मूठभर माती सैल पसरा. वीतभर उंचीवर जुना पिवळा, तापणारा बल्ब लावा. एलईडी तापत नाही, त्याचा उपयोग नाही. वरून माती सुकत जाते तसे जीव खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. दोन-तीन दिवस लागतात. वीज गेली तर एखादा दिवस जास्त. बल्ब प्लास्टिकला टेकू देऊ नका आणि रात्री सगळे झोपल्यावर चालू ठेवू नका. ही पद्धत इटलीतल्या बर्लेझे नावाच्या शास्त्रज्ञानं १९०५ मध्ये काढली, बल्बची सुधारणा नंतर स्वीडनच्या टुलग्रेननं केली.

खाली जिवंत पाहिजे असतील तर ओला कापूस ठेवा. झाकणाला भोकं पाडू नका, कोरड्या हवेत ते तासाभरातही मरतात. बाटलीवर गावाचं नाव, तारीख, आणि माती कुठली ते लिहा, बेडची, बांधाची, की फवारणी झालेल्या रानाची. पुढच्या बैठकीला आम्ही पाटी आणि भिंग घेऊन बसणार आहोत, तिथं आणा.